तटातलं प्रत्येक भोक जंगी नसतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलांना घेऊन राजगडावर गेलात. संजीवनी माचीच्या तटात एका कोपऱ्यात, अगदी जमिनीलगत, बाहेर उतरत जाणारं भोक दिसलं. सोबतचा वाटाड्या म्हणाला, ‘इथून शत्रूवर उकळतं तेल ओतायचे.’ घरी येऊन युरोपातल्या किल्ल्यांचे फोटो बघितलेत, तर तिथे तटाच्या माथ्यावर बाहेर काढलेले दगडी सज्जे आणि त्यांच्या तळाला ओळीने भोकं. मग शंका आली, की आपल्याकडे असे सज्जे का नाहीत? आपले लोक मागे पडले होते का? शिवाय जंगी, चर्या, फांजी, चिलखत या शब्दांचा एकदा नीट उलगडा हवा आहे.

गेली २६ वर्षं मी किल्ल्यांच्या तटांची मोजमापं घेतो, नकाशे काढतो आणि कुठे डागडुजी निघाली तर गवंड्यांच्या डोक्याशी उभा राहतो. त्यामुळे उत्तर लांबणार. तेलाबद्दल एवढंच सांगतो की त्या भोकातून तेल ओतत नव्हते. ते कशाचं आहे ते पुढे येईल. आत्ताच सांगितलं तर बाकीचं कोणी वाचायचं नाही.

तट बघायची माझी एक सवय आहे. गडावर पोचलो की लगेच तटावर चढत नाही. जागा धोक्याची नसेल तर आधी तटाच्या बाहेर, पायाशी, जिथे शत्रू येऊन उभा राहिला असता तिथे जातो. पाठ दगडाला टेकवून वर बघतो. वर उभा असलेला आमचाच माणूस मला दिसत नाही. म्हणजे त्यालाही मी दिसत नाही. त्याला मला बघायचं असेल तर छातीपर्यंत बाहेर वाकावं लागेल, आणि वाकला की समोरच्या झाडीतला बंदुकवाला त्याचीच वाट बघत असणार.

तटाची खरी अडचण ही आहे. पंचवीस-तीस फूट उंच आणि पाच-सात फूट जाड भिंत उभी केली की लांबचा शत्रू अडतो, पण जो कसाबसा पायाशी येऊन पोचला त्याला त्याच भिंतीचा आडोसा मिळतो. तिथे बसून तो शिडी लावू शकतो, पहारीने चिरे काढू शकतो, नाहीतर पायाखाली सुरुंग ठासू शकतो. भिंत जितकी उंच आणि जाड, तितका हा आडोसा मोठा. तुम्ही विचारलेल्या बहुतेक गोष्टी या एकाच दुखण्यावरचे निरनिराळे इलाज आहेत. एवढं डोक्यात ठेवलंत तर नावं पाठ करावी लागत नाहीत.

तरीही नावं सांगतो. तटाच्या माथ्यावरून गस्त घालायची जी वाट असते ती फांजी. फांजीच्या बाहेरच्या कडेला माणसाच्या छातीएवढी किंवा डोक्याएवढी भिंत असते. तिच्या माथ्यावर दातांसारखे किंवा पाकळ्यांसारखे उभे भाग दिसतात, त्या चर्या. चर्येआड माणूस लपतो, दोन चर्यांमधल्या फटीतून बघतो. आणि चर्येत किंवा तिच्या खालच्या भिंतीत बंदूक रोखायला ठेवलेली छिद्रं म्हणजे जंग्या. चर्या शोभेच्याही असतात, वाड्यांवर आणि मशिदींवरही असतात. जंगी मात्र कधीच शोभेची नसते, म्हणून तट वाचायला मी जंगीपासून सुरुवात करतो.

जंगी आतून बघितली तर साधी चौकोनी खिडकी वाटते. हात घाला, मग कळेल की तिचा तळ सपाट नाही, बाहेर आणि खाली उतरत गेलेला आहे. लांबच्या माऱ्याची जंगी जवळजवळ आडवी असते, जवळच्या माऱ्याची इतकी तिरपी की तिच्यातून आभाळ दिसतच नाही, फक्त खालची वाट दिसते. चांगल्या बांधणीत एका माणसाच्या जागेवर तीन असतात: एक समोर, एक डावीकडे, एक उजवीकडे. तो जागा न सोडता नुसती बंदूक हलवतो. शेजारच्याची उजवी जंगी आणि याची डावी जंगी बाहेर जाऊन एकमेकींच्या माऱ्याला छेद देतात, त्यामुळे मधे फट राहत नाही.

हे नुसतं बोलून पटत नाही. काही वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या एका किल्ल्याच्या दरवाजावर आम्ही एक खेळ केला. दरवाजाच्या वरच्या तटात ११ जंग्या होत्या. दिवस मावळल्यावर प्रत्येक जंगीच्या तळाला धरून लेसर लावला, आणि खाली वाटेवर लाल ठिपके कुठे पडतात ते खडूने मांडत गेलो. मला वाटलं होतं ठिपके वाटेवर सारख्या अंतराने पडतील. तसं झालं नाही. सात ठिपके एकाच वळणावर गोळा झाले, जिथे चढणाऱ्याला उंच पायरीवर पाय टाकण्यासाठी एक क्षण थांबावंच लागतं. दोन ठिपके दाराच्या उंबऱ्यापुढे पडले, एक तटाच्या अगदी पायाशी. अकरावा ठिपका काही सापडेना. शोधता शोधता दिसला तो दरीपलीकडच्या डोंगरावर! ती जंगी अलीकडच्या डागडुजीत नव्याने बसवलेली निघाली. काम केलेल्या गवंड्याला गाठून विचारलं, तर तो भाबडेपणाने म्हणाला, “साहेब, भोक वाकडं झालं होतं, मी ओळंब्यात घेतलं.” त्याची चूक नाही. तिरपेपणातच सगळा जीव आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता तुमच्या भोकाकडे येतो. तटात निदान पाच प्रकारची भोकं असतात आणि बघणारा सगळ्यांना जंग्या म्हणून मोकळा होतो. पावसाचं पाणी बाहेर काढणारं भोक फांजीच्या पातळीला असतं, त्याच्या बाहेरच्या तोंडाला बहुधा जिभेसारखा पुढे आलेला दगड असतो आणि खालच्या चिऱ्यांवर शेवाळाचा काळा पट्टा उतरलेला दिसतो. सह्याद्रीत चार महिने कोसळणाऱ्या पावसात ही भोकं बुजली की तटाच्या पोटात पाणी मुरतं आणि तट फुगतो, त्यामुळे लढाईत नसली तरी तटाच्या आयुष्यात यांची किंमत जंगीपेक्षा जास्त आहे. बांधकामाच्या वेळी परांचीची लाकडं अडकवायला ठेवलेली भोकं एका रेषेत, सारख्या अंतरावर असतात आणि बहुतेक आरपार जात नाहीत. दरवाजाच्या दोन्ही अंगांना अडसराची भोकं असतात. ती जरूर बघा. एका बाजूचं हातभर खोल, दुसऱ्या बाजूचं इतकं खोल की हात खांद्यापर्यंत आत जातो. दार उघडं असताना अख्खा ओंडका त्या खोल भोकात सरकवून ठेवायचा आणि बंद करताना ओढून समोरच्या भोकात बसवायचा. हात घालण्याआधी विजेरीने बघून घ्या, सापांनाही ही जागा आवडते.

आणि पाचवं भोक तुम्ही पाहिलंत ते. तुमच्या वर्णनात तीन खुणा आहेत: तटाच्या जाडीतच काढलेली माणूस जेमतेम बसेल एवढी जागा, आडोशाला वळण घेऊन आत शिरायची वाट आणि जमिनीलगत बाहेर उतरणारी नाळ. हा शौचकूप आहे. राजगडावर ते आहेत, सिंधुदुर्गाच्या तटातही आहेत. पहाऱ्यावरच्या माणसाने जागा सोडून लांब जाऊ नये आणि गडावर घाण होऊ नये, ही दोन्ही कामं एका खोबणीत साधली आहेत. वेल्समधल्या कॉनवी गावाच्या तटात, १२८३ ते १२८७ च्या दरम्यान इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने बांधून घेतलेल्या कोटात, असे १२ शौचकूप ओळीने बाहेर काढलेले आहेत. तिथेही पाहुण्यांना ते तोफांचे झरोके वाटत असतील तर नवल नाही. तुमच्या मुलांना खरं सांगा. तेलापेक्षा हे त्यांच्या जास्त लक्षात राहील.

तेलाचं मात्र एकदा नीट सांगायला हवं, कारण ही कथा अगदीच हवेतली नाही. गडावरचं तेल दिव्याला आणि खायला. ते पाठीवर वाहून वर आणलेलं, मोजून दिलेलं. कढईभर तेल तापवत ठेवून शत्रू नेमका खाली येईपर्यंत वाट बघणं कोणत्याही किल्लेदाराला परवडलं नसतं. सह्याद्रीत फुकट आणि अमाप काय मिळतं, तर दगड. तटावर रचून ठेवलेले धोंडे ढकलणं हा गडाचा नेहमीचा मारा. पण १६६५ च्या पुरंदरच्या वेढ्यात मराठ्यांनी वरून पेटता नाफ्ता, बारुदीने भरलेल्या कातडी पिशव्या, बाँब आणि मोठाले दगड टाकून मोगलांची चाल काही काळ रोखून धरली होती. नाफ्ता म्हणजे जमिनीतून निघणारं ज्वालाग्राही तेल. तेव्हा ‘तेल टाकलं’ हे खोटं नाही, पण ते कढईतलं नव्हे, आणि शौचकुपातून तर नव्हेच.

आता सज्जे. युरोपात तटाच्या पायाचा आडोसा मोडायला आधी लाकडी माच बांधत. तटाच्या माथ्यातून तुळया बाहेर काढायच्या, त्यावर फळ्या टाकायच्या, वर छप्पर करायचं आणि फळ्यांमधल्या फटींतून सरळ खाली दगड सोडायचे. फ्रान्समधल्या कार्कासोनच्या तटावर असे माच आज दिसतात, पण ते एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाच्या जीर्णोद्धारात नव्याने बांधलेले आहेत. लाकूड पेटतं, म्हणून पुढे तेच काम दगडात करू लागले. फोटोत तुम्ही पाहिलेले सज्जे हेच.

आपल्याकडे ते नाहीत हे पूर्ण खरं नाही. देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या तटावर बघा, बीदरला बघा. घोडेमुखांवर, म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी आधारांवर, तोललेले, पेटीसारखे एकेकटे सज्जे बाहेर आलेले दिसतात. तळ उघडा, समोर जंग्या. फरक इतकाच की युरोपात ते माथ्यावर सलग पट्टीसारखे फिरतात, दख्खनेत हव्या त्या ठिकाणी एकेक टाकलेले असतात. भुईकोटांना त्यांची गरज होती, कारण सपाट जमिनीवर शत्रू कुठूनही पायाशी येऊ शकतो. डोंगरी गडांची गोष्ट निराळी. तट कड्याच्या ओठावर उभा असेल तर पायाशी उभं राहायला जागाच नसते. मुद्दाम सज्जा बाहेर काढून काय मिळवायचं? खाली सहाशे फूट दरी!

दुसरं कारण काळाचं. कॉनवी बांधलं तेव्हा बंदूक नव्हती. राजगडाचं मुख्य बांधकाम सतराव्या शतकाच्या मध्यातलं, तेव्हा तोफा आणि तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने उडवायच्या, बंदुका दोन्हीकडे होत्या. घोडेमुखांवर तोललेला सज्जा तोफेच्या एका गोळ्यात खाली येतो आणि सोबत आपलीच माणसं घेऊन येतो. तिरप्या जंगीतून तेच काम भिंतीच्या आत बसून होतं. म्हणून मला हा मागासलेपणा अजिबात वाटत नाही. उलट चारशे वर्षं आधीच्या बांधणीशी तुलना करून आपण उगाच ओशाळतो.

बुरुजाकडे वळू. तटातून पुढे आलेला गोल भाग हा तोफ ठेवायला असतो असं सगळे सांगतात. ते अर्धंच झालं. तोफा येण्याच्या कितीतरी आधीपासून बुरूज आहेत, कारण पुढे आलेल्या बुरुजावरून मागच्या तटाचा पाया आडव्या नजरेने दिसतो. दोन बुरुजांमधल्या तटाला भिडलेल्या शत्रूला समोरून कोणी मारत नाही, दोन्ही कुशींतून मारतात. मग बुरुजाचा स्वतःचा पाया कोण बघणार? शेजारचा बुरूज. म्हणून दोन बुरुजांमधलं अंतर हाताच्या शस्त्राच्या टप्प्यापेक्षा जास्त असून चालत नाही. भुईकोटावर गेलात तर हे अंतर पावलांनी मोजत चला. जिथे अंतर एकदम वाढतं तिथे बहुधा बाहेर नदी, तळं किंवा उतार निघतो.

जुने बुरूज चौकोनी असत. वरंगळचा काकतीयांचा कोट बघितलात तर ते दिसतील. चौकोनी बुरुजाचं दुखणं त्याच्या कोपऱ्यात असतं. समोरच्या तोंडापुढे एक पट्टा असा राहतो की तो शेजारच्या बुरुजांवरून दिसत नाही, आणि कोपऱ्याचा दगड दोन बाजूंनी उघडा असल्याने पहारीला लवकर दाद देतो. याचं माझं आवडतं उदाहरण इंग्लंडातलं आहे. १२१५ मध्ये राजा जॉनने रॉचेस्टरच्या किल्ल्याला वेढा घातला. तिथल्या चौकोनी मुख्य मनोऱ्याच्या एका कोपऱ्याखाली भुयार खणून त्याला लाकडांचे टेकू दिले आणि ते पेटवायला ४० डुकरांची चरबी मागवली. मागणीचं राजाचं पत्र आजही आहे. टेकू जळाले, कोपरा खाली बसला. पुढे दुरुस्ती करताना तो कोपरा गोल बांधला. आज त्या मनोऱ्याचे तीन कोपरे चौकोनी आणि एक गोल आहे. शिकलेला धडा दगडात इतका उघड क्वचितच दिसतो.

तोफा आल्यावर बुरुजांचं रूप पालटलं, हेही खरं. विजापूरच्या मलिक-ए-मैदानची गोष्ट आपल्या परांड्याशी जोडलेली आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ही तोफ परांड्याच्या किल्ल्यात होती, तिथून १६३२ मध्ये विजापूरला गेली. वजन सुमारे ५५ टन. लोक तिच्या सिंहमुखाचे फोटो काढतात. मी त्यांना म्हणतो, तिच्यामागची भिंत बघा. बुरुजाच्या माथ्यावर तोफ फिरवायला मधोमध खुंटा आणि पाठीमागे धक्का झेलणारी गोलाकार भिंत आहे. एवढी तोफ उडाली की मागे येते, तो धक्का कुठेतरी जिरवायला हवा. त्याच गावात उपली बुरूज आहे, तटापासून सुटा, उंच, बाहेरून वळत जाणारा जिना असलेला. वरची लांब तोफ ३० फुटांहून मोठी आहे. तटापेक्षा उंच जाऊन लांबवर मारा करायला असे बुरूज बांधले. पण उंच गेलं की पायाजवळचं दिसत नाही, म्हणजे जुनं दुखणं तिथेही होतंच. ते काम खालच्या तटाच्या जंग्यांकडे राहिलं.

दरवाजांवर लिहायला बसलो तर वेगळं पान लागेल. गडाचा सगळ्यात कच्चा दुवा दरवाजा, आणि म्हणून सगळ्यात जास्त डोकं तिथे खर्ची पडलेलं. रायगडाच्या महादरवाजाला जाताना दरवाजा शेवटपर्यंत दिसत नाही. दोन भले थोरले बुरूज समोर येतात, त्यांच्या बगलेत वाट वळते आणि मग एकदम दार पुढ्यात उभं राहतं. ही गोमुखी रचना. वळणामुळे दारासमोर धावत यायला जागा उरत नाही, ओंडक्याने धडक देता येत नाही, लांबून तोफेने दार फोडता येत नाही. आणि वळणात शिरलेला माणूस तिन्ही बाजूंच्या माऱ्यात असतो. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, हेच बजावलं आहे: खालून येणारा मारा चुकवून दरवाजे बांधावेत, पुढे बुरूज द्यावा, येण्याजाण्याची वाट त्या बुरुजाच्या आहारी असावी. गडाला एकच दरवाजा असणं हा तर त्यांनी थोर ऐब, म्हणजे मोठा दोष, म्हटला आहे. दार ओलांडून आत आलात की दोन्ही बाजूंना ओटे दिसतील, त्या देवड्या. आपण तिथे डबे उघडून बसतो. पहारेकरीही तेच करत असणार.

राजगडाची चिलखती तटबंदी तुम्ही बघून आलात, पण घाईत बघितलीत असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. पुन्हा जा. संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब, तीन टप्प्यांत उतरत गेलेली, १९ बुरुजांची. तिच्यात एक तट नाही, दोन आहेत. बाहेरचा तट आतल्याला अंगरख्यावर चिलखत घालावं तसा वेढून जातो आणि मधे खोल, अरुंद बोळ राहतो. बुरूजसुद्धा दुहेरी आहेत, एकाच्या पोटात दुसरा.

त्या बोळात उतरा. दोन्ही हात पसरले तर काही ठिकाणी भिंतींना लागतील. आता समजा, तोफेने बाहेरच्या भिंतीला खिंडार पाडलं आणि तुम्ही शत्रू म्हणून त्यातून आत आलात. पुढे मोकळं मैदान नाही. समोर तसाच दुसरा तट, जसाच्या तसा शाबूत, कारण बाहेरच्या भिंतीने गोळे स्वतःवर घेतले. मागे तुमचीच माणसं ढकलतायत. शिडी उभी करायची तर पाय मागे टेकायला जागा नाही. डावी-उजवीकडे पळावं तर बोळ वळतो आणि वळणाच्या पलीकडे काय आहे ते कळत नाही. आतल्या तटावरून बोळात उतरायला अरुंद दिंड्या, म्हणजे लहान दारं, आणि खड्या पायऱ्या आहेत. त्या वरच्याच्या सोयीच्या. वर एक माणूस उभा राहिला तर खालून एकेकटाच चढू शकतो. वरच्याने धोंडे टाकून दिंडी बुजवली की तेही गेलं.

मी पहिल्यांदा त्या बोळात मोजपट्टी घेऊन उतरलो तेव्हा ऑगस्ट होता, धुकं इतकं की पट्टीचं दुसरं टोक धरलेला माझा सोबती दिसत नव्हता, पण त्याचा आवाज वरून आल्यासारखा ऐकू येत होता. तो होता माझ्याच पातळीला. बोळात आवाज कुठून येतो ते कळतच नाही. हे मुद्दाम केलेलं असेल असा माझा दावा नाही. पण तिथे अडकलेल्याची काय गत होत असेल ते त्या दिवशी कळलं.

भुईकोटांना हे चिलखत जमिनीत खणून दिलं जाई. बीदरच्या किल्ल्याच्या काही बाजूंना खंदक तिहेरी आहे, मधे मूळ खडकाच्याच भिंती शिल्लक ठेवलेल्या. देवगिरीला तर बालेकिल्ल्याभोवतीचा डोंगरच उभा तासून काढला आहे. तिथे तट बांधलाच नाही, तट कोरला. कोरलेल्या कड्याखाली खंदक, खंदकापलीकडे अंधारी, म्हणजे खडकातून वर जाणारा काळोखा भुयारी मार्ग. मशाल घेऊन शिरलेल्याला वरचे बघू शकतात, तो कोणालाच बघू शकत नाही.

एवढं सगळं करून किल्ले पडलेच की, असं तुम्ही विचाराल. पडले. कसे पडले ते बघितलं तर तटाची किंमत जास्त कळते. देवगिरीला १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानाने बाहेरच्या तटांखाली सुरुंग लावून भगदाडं पाडली. पुरंदरला दिलेरखानाने आधी शेजारचा वज्रगड घेतला, मग लाकडी ओंडक्यांचा दमदमा उभारून त्यावर तोफा आणि माणसं चढवली आणि माचीच्या बुरुजांच्या उंचीला आला. म्हणजे तटाची उंचीच त्याने काढून घेतली. आज्ञापत्रात स्पष्ट सांगितलं आहे, की गडाशेजारी दुसरा डोंगर असू नये. असला तर सुरुंग लावून फोडावा, नाहीतर तोही बांधून ताब्यात ठेवावा. आणि १८१८ मध्ये रायगडाचं काय झालं? इंग्रजांनी शेजारच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि तटाला हात न लावता वरून गोळे टाकून आतली घरं पेटवली. महादरवाजाचे बुरूज आजही उभे आहेत. त्यांना कोणी हरवलं नाही, त्यांना वळसा घातला.

तिसरा मार्ग पैशाचा. औरंगजेबाच्या शेवटच्या मोहिमेत सह्याद्रीतले बरेच गड किल्लेदारांशी सौदा करून त्याच्या हाती आले. त्यावर इलाज कोणत्याही गवंड्याकडे नव्हता.

शेवटी एक विनंती, कारण तुम्ही मुलांना घेऊन स्वच्छता मोहिमेला जाणार असं लिहिलं आहे. तटातली झाडं उपटू नका. पिंपळाचं किंवा वडाचं रोप ओढलं की त्याच्या मुळांनी धरलेला चिरा सोबत येतो आणि आतली भर वाहून जायला वाट मोकळी होते. तटाची बाहेरची आणि आतली तोंडं घडीव दगडांची, मधे नुसती दगडगोट्यांची आणि चुन्याची भर असते. झाड बुंध्याशी कापून खूण करून ठेवा, पुढचं जाणकारावर सोडा. आणि कोणी उत्साहाने सिमेंटची गोणी वर चढवत असेल तर अडवा. चुना पाण्याची वाफ बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवतं. सांधे सिमेंटने बुजवलेला एक बुरूज मी दोन पावसाळ्यांत पोट सुटल्यासारखा फुगलेला पाहिला आहे. तिसऱ्या पावसाळ्यात त्याचं तोंड गळून पडलं. काम करणाऱ्यांची भावना चांगली होती, यात शंका नाही.

राजगडाला पुन्हा जाल तेव्हा गुंजवण्याच्या बाजूने चढा, सोबत चार हात लांबीची सरळ वेळूची काठी घ्या आणि संजीवनीच्या कोणत्याही जंगीत ती तळाला टेकवून अलगद सरकवा. एकाने वर काठीमागून नजर लावायची, बाकीच्यांनी तुमच्यासोबत आतच थांबायचं, बाहेर कड्याकडे कोणी जायचं नाही. काठी जिथे रोखली आहे तिथे काय दिसतं ते मुलांना कागदावर काढायला सांगा. शौचकुपातही एकदा काठी घालून बघा. ती दरीकडे रोखलेली निघेल, आणि तिथून कोणीच वर येऊ शकत नाही.